वाड्यातील जुन्या बिऱ्हाडाला मोबदला देऊन खोल्यांचा ताबा राजीखुशीने घ्यायचा आहे: रक्कम आणि कागदपत्रांबाबत मार्गदर्शन हवे

शनिवारपेठकर (प्रश्न)

नमस्कार. पुण्यात शनिवार पेठेत आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. मालकी आता मी, धाकटा भाऊ आणि बंगळूरला स्थायिक झालेली बहीण अशा तिघांच्या नावावर आहे. वाड्यात एके काळी सात बिऱ्हाडे होती. बाकीची आपापल्या सोयीने गेली आणि आता तळमजल्यावर, सुमारे २८० चौरस फुटांच्या दोन खोल्यांत, एकच बिऱ्हाड उरले आहे. मूळ भाडेकरू १९६६ साली आजोबांच्या हयातीत राहायला आले आणि काही वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही लहानपणापासून काकू म्हणत आलो, आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि तेथेच एकट्या राहतात. मुलगा चिंचवडला स्वतःच्या सदनिकेत राहतो, मुलगी लग्नानंतर नाशिकला आहे. भाडे महिना ८५ रुपये असून ते न चुकता येते आणि आम्हीही न चुकता पावती देतो.

वाड्याची मागची भिंत फुगली आहे आणि माडीचे सरे वाळवीने पोखरले आहेत. दुरुस्ती करायची की विकसकाला द्यायचा, हे आमच्यात अजून ठरलेले नाही; पण दोन्ही बाबतींत या खोल्या मोकळ्या झाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. म्हणून काकूंना योग्य मोबदला देऊन, त्यांच्या संमतीने ताबा घ्यावा, असे मला वाटते. आमच्या मनात आठ लाखांचा आकडा होता. त्यांच्या मुलाने चाळीस लाख सांगितले. भावाचे म्हणणे असे की, एवढे पैसे मोजण्यापेक्षा सरळ दावा लावावा आणि निकाल लागेपर्यंत चौकातल्या नळाचे पाणी बंद ठेवावे. मला हे दोन्ही पटत नाही.

असा मोबदला देणे कायद्याला धरून आहे का, रक्कम कोणत्या हिशेबाने ठरवावी, आणि पैसे घेऊनही खोल्या सोडल्या नाहीत तर आपल्या हाती काय राहते, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

पेशाने_वकील

मी भाडेकरू आणि मालक या दोन्ही बाजूंनी लघुवाद न्यायालयात उभा राहतो, त्यामुळे पुढील मजकूर कोणा एकाच्या बाजूचा समजू नये.

प्रथम नळाबद्दल, कारण त्यात सर्वांत जास्त धोका आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार मालकाला पाणी, वीज, जिना, संडास यांसारख्या अत्यावश्यक सोयी तोडता किंवा अडवता येत नाहीत. भाडेकरूने अर्ज केल्यास न्यायालय सोय पूर्ववत करण्याचा आदेश देते आणि मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी व्यवहाराच्या दृष्टीने हा उपाय घातकच आहे. उद्या काकूंनी खोल्या सोडल्याचा दस्त करून दिला आणि परवा त्यांच्या मुलीने ‘आईवर दबाव आणून सही घेतली’ असा दावा दाखल केला, तर बंद केलेला नळ हाच तिचा पहिला पुरावा ठरेल. स्वेच्छेने केलेल्या व्यवहाराचे सारे बळ त्या स्वेच्छेत असते, ती शंकास्पद होईल असे काहीही करू नये.

मोबदला देणे पूर्णपणे कायदेशीर आहे. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली भाडेहक्क सोडण्यासाठी पैसे घेणे हा गुन्हा होता. त्यामुळे पागडीचे, म्हणजे भाडेहक्कासाठी मोजायच्या एकरकमी रकमेचे, सगळे व्यवहार टेबलाखालून होत आणि त्याचे संस्कार अजूनही लोकांच्या मनातून गेलेले नाहीत. ३१ मार्च २००० रोजी नवा कायदा अमलात आला आणि त्याच्या कलम ५६ ने भाडेकरूला भाडेहक्क सोडण्याबद्दल किंवा हस्तांतरित करण्याबद्दल रक्कम मागण्याचा आणि स्वीकारण्याचा स्पष्ट अधिकार दिला. म्हणून हा व्यवहार उघडपणे, बँकेमार्फत आणि नोंदणीकृत दस्तानेच करावा.

आता दाव्याचा विचार करू. भाडे थकलेले नाही, त्यामुळे कलम १५ चा आधार तुम्हाला मिळत नाही. थकले असते तरी नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागली असती, आणि दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत व्याजासह थकबाकी भरून भाडेकरूला आपला हक्क वाचवता येतो. काकू तेथेच राहत असल्यामुळे सहा महिने वापर नसल्याचे कारणही लागू होत नाही. राहता राहिली स्वतःची वाजवी आणि खरीखुरी गरज. तीत तुमची गरज सिद्ध झाली तरी कलम १६ च्या पोटकलम २ नुसार जास्त अडचण कोणाची होईल, हे न्यायालय तोलून पाहते. एका बाजूला तिघे सुस्थितीतील मालक आणि दुसऱ्या बाजूला साठ वर्षांचे बिऱ्हाड असलेली एकटी वृद्धा, असा तो तराजू असेल. पाडून नवे बांधण्याच्या कारणावर दावा लावल्यास मंजूर नकाशे आणि पुरेसा निधी दाखवावा लागतो, शिवाय नव्या इमारतीत जागा मिळण्याचा भाडेकरूचा हक्क शाबूत राहतो. वाडा धोकादायक ठरवून महापालिकेकडून उतरवून घेतला की भाडेकरू आपोआप गेला, असाही एक गैरसमज पेठांमध्ये आहे. इमारत पाडल्याने भाडेहक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आणि वाट पाहण्याने प्रश्न सुटेल असेही समजू नका. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो आणि तसे कोणी नसेल तर वारसाकडे जातो, असे कलम ७ च्या व्याख्येतच आहे. म्हणजे चिंचवडच्या सदनिकेत राहणारा मुलगाही उद्या हक्क सांगू शकतो.

रक्कम ठरवण्याचे कायद्यात कोणतेही सूत्र नाही. मुंबईत पागडीच्या जागेचे हस्तांतरण होते तेव्हा किमतीच्या सुमारे एक तृतीयांश मालकाला आणि उरलेले भाडेकरूला, अशी प्रथा आहे आणि त्यातही जागेगणिक फरक पडतो. तुमच्या काकूंचे सासरे किंवा पती यांनी १९६६ साली पागडी दिली होती का, हे जुन्या वह्यांत शोधा. दिली नसेल तर मुंबईचे प्रमाण येथे जसेच्या तसे लावण्याचे कारण नाही. मी स्वतः पक्षकारांना वेगळा प्रश्न विचारतो: या बाईंना याच परिसरात, याच दर्जाची जागा भाड्याने घेऊन राहायचे झाले तर किती पैसे लागतील? त्या रकमेच्या खाली कोणताही समंजस वकील त्यांना सही करू देणार नाही. आणि वरची मर्यादा म्हणजे खोल्या मोकळ्या झाल्याने वाड्याच्या किमतीत पडणारी भर. आठ लाख खालच्या मर्यादेच्याही खाली आहेत असे मला दिसते, आणि चाळीस लाख हा सहसा बोलणी सुरू करण्याचा आकडा असतो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर क्रमात आहे. ‘अमुक रक्कम मिळाली, सहा महिन्यांत खोल्या सोडीन’ असे लिहून घेऊन पैसे देऊ नका. भाडे नियंत्रण कायद्याने दिलेले संरक्षण करार करून सोडून देता येत नाही, त्यामुळे तशा कागदाच्या जोरावर तुम्ही कोणाला बाहेर काढू शकत नाही. फार तर पैसे परत मागाल, तेही दावा लावूनच. लहानशी रक्कम विसार म्हणून द्या, आणि उरलेल्या रकमेचे धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट), भाडेहक्क सोडल्याच्या दस्ताची नोंदणी आणि रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या हे तिन्ही एकाच दिवशी होऊ द्या. त्या दिवशी सामान आधीच हललेले असावे. काकूंना दुय्यम निबंधक कार्यालयात जाणे शक्य नसेल तर नोंदणीसाठी अधिकारी घरी येऊ शकतात, तसा अर्ज करावा.

मुलगा आणि मुलगी यांना संमती देणारे म्हणून दस्तात घ्या. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी मुलगा तेथे राहत होता का, याचे उत्तर आज सोपे वाटले तरी दहा वर्षांनी ते साक्षीपुराव्याचा विषय बनते. तुमच्या बाजूनेही तिघांच्या सह्या हव्यात, बहीण येणार नसेल तर तिचे नोंदणीकृत मुखत्यारपत्र लागेल. सही करण्यापूर्वी स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवण्याची पुण्यात पद्धत आहे, ती पाळावी.

गिरगावचा_माजी_रहिवासी

मी दुसऱ्या बाजूने हा व्यवहार केलेला आहे, म्हणून थोडे लिहितो. आमच्या आईने गिरगावातली चाळीतली खोली मालकाला परत दिली तेव्हा रकमेवरची बोलणी लवकर आटोपली होती. अडले ते इतर गोष्टींवर. आईचे डॉक्टर चालत पाच मिनिटांवर होते, दूधवाला आणि किराणा दुकानदार खाते लिहून ठेवत, आणि रेशनकार्ड, मतदार यादी, गॅसची जोडणी, बँकेचे निवृत्तिवेतन खाते हे सारे त्याच पत्त्यावर होते. पत्ता बदलण्याची ही यातायात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला किती मोठी वाटते, याची मालकाला कल्पनाच नव्हती. शेवटी मालकाच्या मुलानेच सोबत फिरून कागदपत्रे बदलून दिली आणि त्यानंतर आईचा विरोध मावळला.

आणखी एक सांगतो. आम्ही तिघे भावंडे, आणि पैसे कोणाच्या नावाने यावेत यावर आमच्यातच महिनाभर अबोला होता. मालकाने शहाणपणाने सांगितले की, ‘तुम्ही तिघे मिळून लेखी द्या, त्याप्रमाणे मी धनाकर्ष काढतो; तोवर मी कोणालाही एक रुपया देणार नाही.’ तुम्हीही मुलाशी परस्पर व्यवहार ठरवू नका. काकूंशी स्वतंत्रपणे, त्यांच्या वेळेने बोला. मुलाने चाळीस लाख मागितले आहेत, पण काकूंना नेमके काय हवे आहे, हे तुमच्या प्रश्नात कोठेच आलेले नाही.

हिशेबनीस

वकीलसाहेबांनी खालच्या मर्यादेचा मुद्दा मांडला आहे, त्याचा आकडा काढून पाहू. पेठेत किंवा जवळपास एक खोली आणि स्वयंपाकघर अशी जागा महिना १५,००० रुपयांना मिळते असे धरू. तुम्ही दोन-तीन ठिकाणी चौकशी करून खरा आकडा घाला. वर्षाचे भाडे १,८०,००० होते. बँकेच्या मुदत ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरले तर एवढे व्याज मिळण्यासाठी सुमारे २७ लाख ७० हजार रुपये ठेवावे लागतील. काकूंना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात. तेथे एका व्यक्तीची मर्यादा ३० लाख आहे आणि दर २०२३ पासून ८.२ टक्के राहिलेला आहे, त्या दराने सुमारे २२ लाख पुरतात. नव्या जागेचे भाडे दरवर्षी वाढणार, हे खरे. पण मुद्दल तसेच राहते आणि ते पुढे मुलांना मिळते, हेही तितकेच खरे. म्हणजे बोलणीची खरी जागा २२ ते २८ लाखांच्या आसपास कोठेतरी असावी, असे माझे मत आहे. महिना ८५ रुपये भाड्याकडे बोट दाखवून रक्कम कमी करण्याचा प्रयत्न करू नका. २००० सालापासून दरवर्षी चार टक्के वाढ लावली असती तरी भाडे आज अडीचशेच्या आतच असते. भाडे कमी असणे हाच त्या हक्काच्या किमतीचा पाया आहे.

कराची बाजू काकूंना आधी समजावून सांगा, नाहीतर व्यवहारानंतर कटुता येते. भाडेहक्क ही भांडवली मालमत्ता मानली जाते आणि तो सोडल्याबद्दल मिळालेली रक्कम भांडवली नफा म्हणून करपात्र असते. पूर्वी पागडी मोजली असेल तर तेवढी रक्कम खर्च म्हणून वजा होते. काहीच मोजले नसेल तर खर्च शून्य धरला जातो. १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य घेण्याची सवलत भाडेहक्काला मिळत नाही, आणि ही गोष्ट अनेक सल्लागारांच्याही नजरेतून सुटते. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के दर आहे. समजा २५ लाख मिळाले आणि खर्च शून्य धरला, तर कर ३,१२,५०० आणि चार टक्के उपकर मिळून ३,२५,००० रुपये होतील. काकूंचे दुसरे उत्पन्न नगण्य असेल तर करमुक्त मर्यादेचा न वापरलेला भाग यातून वजा होतो आणि कर बराच खाली येतो. पूर्ण रक्कम ठरलेल्या मुदतीत एका निवासी घरात गुंतवल्यास, इतर अटी पूर्ण होत असतील तर, करातून सूट मिळते. नव्या आयकर कायद्यामुळे कलमांचे क्रमांक बदलत आहेत, म्हणून येथे ते देत नाही.

‘हातात किती पडतील’ आणि ‘दस्तात किती लिहिले’ यांत हा फरक असल्यामुळे, कराचा भार कोणी सोसायचा हे बोलणीतच ठरवावे. तुमच्या बाजूने पाहता, पुढे वाडा विकलात तर ही रक्कम विक्रीच्या नफ्यातून वजा करण्याचा दावा तुम्ही करू शकाल. त्यावर वाद झालेले आहेत, म्हणून नोंदणीकृत दस्त आणि बँकेच्या नोंदी व्यवस्थित जपून ठेवा.

नकाशे_आणि_मोजमापे

मी वास्तुविशारद आहे. पैसे मोजण्यापूर्वी एक गोष्ट तपासा: वाडा शनिवारवाड्यापासून किती अंतरावर आहे? शनिवारवाडा केंद्र सरकारने संरक्षित केलेले स्मारक आहे. स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, तेथे फक्त परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते. त्यापुढील २०० मीटरांत बांधकामासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते आणि उंचीवर बंधने येतात. शनिवार पेठेचा काही भाग या पट्ट्यांत मोडतो. तुमचा वाडा पहिल्या पट्ट्यात असेल तर कोणताही विकसक येणार नाही, आणि मग ‘खोल्या मोकळ्या झाल्याने वाड्याच्या किमतीत पडणारी भर’ हा वकीलसाहेबांचा वरचा आकडा फारच खाली येतो. मुलाचे चाळीस लाख बहुधा कोणा दलालाने सांगितलेल्या पुनर्विकासाच्या हिशेबावर उभे आहेत. मोजणीचा नकाशा त्याच्यासमोर ठेवलात तर बोलणी आपोआप जमिनीवर येतील.

याउलट वाडा या पट्ट्यांच्या बाहेर असेल आणि तुम्ही विकसकाकडे जाणार असाल, तर मी वेगळा सल्ला देईन. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत जुन्या भाडेकरूव्याप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी भाडेकरूंच्या पुनर्वसन क्षेत्रावर आधारित जादा चटईक्षेत्र (एफएसआय), म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, मिळते. काकूंना आधीच पैसे देऊन बाहेर काढले तर तो लाभ तुम्ही स्वतःहून घालवता. त्यांना तात्पुरत्या जागेचे भाडे देऊन नव्या इमारतीत घर देणे कदाचित सर्वांनाच स्वस्त पडेल. म्हणून दुरुस्ती की पुनर्विकास, हे तिघांनी आधी ठरवा. मोबदल्याचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

पेशाने_वकील

वास्तुविशारदांचा मुद्दा योग्य आहे, पण त्याला दुसरी बाजू आहे. विकसकाच्या भरवशावर खोल्या सोडलेले आणि वर्षानुवर्षे तात्पुरत्या जागेत अडकलेले वृद्ध भाडेकरू माझ्याकडे येतात. पहिली काही वर्षे भाडे येते, मग ते थांबते, आणि इमारत जोत्यावरच उभी असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना ‘पाच वर्षांनी नवे घर’ याचा अर्थ काय, हे त्यांनाच ठरवू द्यावे. पुनर्विकासाचा मार्ग धरलात तर त्यांच्याशी थेट करार, तोही नोंदणीकृत, आणि तात्पुरत्या भाड्याची बँक हमी या दोन गोष्टींशिवाय त्यांनी खोल्या सोडू नयेत, असेच मी त्यांचा वकील असतो तर सांगितले असते.

फ्रीमाँटहून

मी कॅलिफोर्नियात राहतो, तरी एक उपयोगी तपशील सांगतो. शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोत भाडेकरूला पैसे देऊन जागा सोडायला लावण्याचे प्रकार इतके वाढले की २०१५ पासून तेथे त्यासाठी वेगळा नियम लागू आहे. बोलणी सुरू करण्यापूर्वीच मालकाने भाडेकरूला त्याच्या हक्कांची लेखी माहिती द्यावी लागते, करार शहराच्या भाडे मंडळाकडे दाखल करावा लागतो, आणि सही केल्यानंतरही ४५ दिवसांपर्यंत भाडेकरूला विचार बदलून करार रद्द करता येतो. महाराष्ट्रात असे बंधन नाही, परंतु ते स्वतःहून पाळायला कोणाची हरकत असणार? विसाराच्या कागदात महिनाभराची फेरविचाराची मुदत लिहिली आणि काकूंनी स्वतःचा वकील नेमल्याचे, त्याचे शुल्क तुम्ही दिल्याचे नमूद केले, तर दबावाचा आरोप पुढे टिकणे फार कठीण होईल.

शनिवारपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. अंतर मोजून घेतले. वाडा १०० मीटरांच्या बाहेर, पण पुढच्या २०० मीटरांच्या पट्ट्यात येतो. त्यामुळे विकसकाचा विचार तूर्त बाजूला ठेवून दुरुस्ती करायची, असे तिघांत ठरले. नळाचा विषय भावाने सोडून दिला आहे.

गिरगावच्या काकांच्या सांगण्यावरून मी एका दुपारी काकूंशी एकटाच बोललो. त्यांना चिंचवडला मुलाकडे जायचे नाही. याच पेठेत किंवा नारायण पेठेत, तळमजल्यावर, स्वतंत्र जागा हवी आहे. रकमेबद्दल त्या म्हणाल्या की, मुलगा काय बोलतो ते मला ठाऊक नाही, मला फक्त पुन्हा कोणी उठवणार नाही अशी जागा द्या. यावरून आम्हाला एक पर्याय सुचला आहे. आम्ही तिघांनी आमच्या नावावर एक लहान सदनिका विकत घ्यावी आणि काकूंना तेथे तहहयात विनाभाडे राहू द्यावे, त्याबदल्यात त्यांनी वाड्यातील भाडेहक्क सोडावा. मुलाला मात्र रक्कमच हवी आहे, आणि त्यातली निम्मी रोख द्या असा त्याचा आग्रह आहे. यातले काय शक्य आहे?

हिशेबनीस

रोखीचे नाव काढू नका. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो, आणि स्वीकारणाऱ्या येथे काकू असतील, मुलगा नव्हे. शिवाय निम्मी रक्कम दस्तात न दिसल्यास तुमचा खर्चही निम्माच सिद्ध होईल. सदनिकेच्या पर्यायातही कराचा प्रश्न उरतोच. पैशाऐवजी राहण्याचा हक्क मिळाला तरी तो मोबदलाच ठरतो, म्हणून दस्तात त्याचे मूल्य लिहिण्यापूर्वी सल्लागाराला दाखवा.

पेशाने_वकील

पर्याय चांगला आहे आणि असे व्यवहार झालेले आहेत, मात्र लेखणी जपून चालवावी लागेल. नव्या सदनिकेत काकूंना भाडेकरू करू नका, नाहीतर साठ वर्षांपूर्वीचीच स्थिती नव्या पत्त्यावर उभी राहील. त्यांना केवळ त्यांच्या हयातीपुरता, वैयक्तिक, वारसांना न जाणारा आणि हस्तांतरित न होणारा राहण्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने द्या. त्या बाजूने त्यांना भीती असेल ती अशी की, उद्या तुम्ही सदनिका विकलीत किंवा तुमच्यापैकी कोणी वारले तर काय. म्हणून तो हक्क तुमच्या वारसांवर आणि खरेदीदारांवरही बंधनकारक राहील असे दस्तात स्पष्ट लिहा आणि सोसायटीला त्याची प्रत द्या. ‘पुन्हा कोणी उठवणार नाही’ या त्यांच्या अटीचे कायदेशीर रूप हेच आहे. देखभाल खर्च, वीजबिल आणि मालमत्ता कर कोण भरणार, हेही त्यात यावे.

मुलाचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवा. वडिलांच्या निधनाच्या वेळी तो चिंचवडला राहत होता, असे दाखवणारे कागद असतील तर काकू हयात असेपर्यंत त्याचा स्वतःचा भाडेहक्क कमजोर आहे. तरीही त्याची आणि बहिणीची संमतीची सही मिळवण्यासाठी दोघांना सारखीच, वाजवी रक्कम बँकेमार्फत द्यावी लागली तर ती द्या. तुमच्या मनात आधी जो आठ लाखांचा आकडा होता, तो या कामी पुरेल. दोघांपैकी कोणी सही नाकारली तर व्यवहार थांबवा, ‘नंतर बघू’ म्हणून पुढे जाऊ नका.

दुरुस्ती करणारच असाल तर एक शेवटची सूचना. किल्ल्या हाती आल्यावर त्याच दिवशी पंचांसमक्ष ताबा पावती करा, रिकाम्या खोल्यांची छायाचित्रे घ्या आणि काकूंच्या नावावरचे वीजमीटर बंद करण्याचा अर्ज त्यांच्याच सहीने महावितरणकडे द्या. दस्त झाल्यावरही मीटर वर्षानुवर्षे जुन्या नावावर चालू राहिलेली प्रकरणे मी पाहिली आहेत. त्या बिलांच्या आधारे पुतणे ताबा सांगत येतात.

शनिवारपेठकर

मीटरचा अर्ज आणि पंच, दोन्ही यादीत घेतले. नारायण पेठेत तळमजल्यावरची एक जागा पाहिली आहे. रविवारी काकूंना आणि त्यांच्या मुलीला ती दाखवायला नेणार आहे. मुलगी नाशिकहून मुद्दाम येते आहे. वकील काकूंनी स्वतः निवडावा असे त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी सरळ विचारले की तुमच्याच वकिलाने दोघांचे काम केले तर काय बिघडते.

पेशाने_वकील

बिघडते. एकच वकील दोन्ही बाजूंचा असला तर दस्तावर पहिला हल्ला तेथूनच होतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शिवाजीनगर न्यायालयात अर्ज करायला मुलीला सोबत पाठवा.